पापणी लवली की वर्ष गेलं

'बिफोर युअर आइज' हा साधारण दीड तासात संपणारा खेळ आहे. त्यात शत्रू नाहीत, गुण नाहीत, अडून बसावं असं कोडं नाही. जन्मात एकही व्हिडिओ गेम न खेळलेला माणूससुद्धा तो शेवटपर्यंत नेऊ शकतो. संगणकाचा कॅमेरा आपल्या डोळ्यांवर लक्ष ठेवून असतो आणि आपली पापणी लवली, की गोष्ट पुढे सरकते. कधी थोडी, कधी काही महिने, कधी काही वर्षं. समोरचा माणूस बोलत असेल, त्याचं वाक्य अर्ध्यावर असेल, तरी पापणी मिटली की तो प्रसंग गेला. परत फिरायला वाट नाही.

एकाच कल्पनेवर उभे असलेले छोटे खेळ मला पहिल्यापासून आवडतात. 'डोनट काउंटी'मध्ये आपण जमिनीतलं एक भोक असतो आणि वस्तू गिळत मोठे होत जातो. 'सुपरलिमिनल'मध्ये वस्तू जेवढी दिसते तेवढीच ती होते. लांबचा बुद्धिबळाचा मोहरा उचलून जवळ ठेवला की त्याचा आकार पार बदलून जातो. २०१३ सालच्या 'ब्रदर्स'मध्ये दोन भाऊ एकाच वेळी चालवायचे असतात, डाव्या हाताने एक आणि उजव्या हाताने दुसरा. या खेळांमध्ये कल्पना एकदा उमगली की ती आपल्या ताब्यात येते आणि मग ती वेगवेगळ्या तऱ्हेने वापरून बघण्यात मजा असते. 'बिफोर युअर आइज'ची कल्पना मात्र कधीच ताब्यात येत नाही. सगळं कळतं, तरी हातात काही राहत नाही. मी हा खेळ खेळले, नंतर दुसऱ्याला खेळताना पाहिलं, मग पापणीऐवजी माउसचं क्लिक वापरून पुन्हा खेळले. त्यात काय काय झालं ते सांगते.

आधी थोडं पापणीबद्दल. जागेपणी आपली पापणी मिनिटाला साधारण पंधरा ते वीस वेळा लवते. एकदा लवायला सेकंदाचा दहावा हिस्सा ते फार तर त्याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो. म्हणजे दिवसभरात कितीतरी वेळा जग आपल्यासमोरून नाहीसं होतं, आणि मेंदू तो अंधार आपल्याला जाणवू देत नाही. पडद्याकडे एकटक बघताना हे प्रमाण बरंच खाली येतं, म्हणून तर संगणकावर काम करणाऱ्यांचे डोळे कोरडे पडतात. खेळ हाती घेण्याआधी हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि स्वतःच्या पापणीवर पहारा ठेवून बसणं वेगळं.

सुरुवात कॅमेऱ्यापासून होते. खेळ आधी आपला चेहरा शोधतो, मग डोळे उघडे ठेवायला आणि मिटायला सांगतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. हा भाग घाईने उरकू नये, पुढचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. मी आधी दिवे मालवून बसले होते, भावनिक गोष्ट अंधारात बघावी म्हणून. तर कॅमेऱ्याला माझे डोळे धड सापडेनात; पापणी लवली तरी पडद्यावर काही घडेना, आणि कधी न लवताच घडलं असं वाटे. त्याचं कारण सरळ आहे. साधा वेबकॅम सेकंदाला तीसेक चित्रं टिपतो. पटकन लवलेली पापणी त्यातल्या जेमतेम तीन-चार चित्रांत सापडते. उजेड कमी असला की कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो, त्यांची संख्या घटते, चित्रं पुसट होतात आणि पापणी मधल्या फटीतून निसटते. मी दिवा चेहऱ्यासमोर आणला, पाठीमागचा बंद केला, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर घेतला. चष्म्यावर पडद्याची चमक येत होती, तर पडदा थोडा कलता केला. मग कॅमेऱ्याचं आणि माझं जमलं. इतकं जमलं की थोड्या वेळाने कॅमेरा आहे हेच मी विसरले.

गोष्ट नदीवर सुरू होते. आपण मेलेलो आहोत. लांडग्याच्या तोंडाचा एक नावाडी आपल्याला पाण्यातून काढून नावेत घेतो. मेलेल्यांना पलीकडे पोचवणं हे त्याचं काम, पण पलीकडच्या द्वारपालापुढे आपली कहाणी त्याला मांडायची असते आणि त्यासाठी ती कहाणी त्याला आधी बघायची असते. आपल्याला बोलता येत नाही. उत्तर द्यायचं ते डोळ्यांनी: माउसने पर्यायावर नजर न्यायची आणि पापणी लववायची. ही सोय फार विचारपूर्वक केलेली आहे. पहिल्या काही मिनिटांत पापणी हे आपलं साधन असतं. तिने आपण वस्तू उघडतो, हो-नाही म्हणतो. म्हणजे खेळ आधी पापणीशी मैत्री करून देतो आणि मग तीच पापणी आपलं एकेक करून सगळं नेऊ लागते.

मग आठवणी सुरू होतात. आपण बेंजामिन ब्रिन नावाचा मुलगा असतो, घरचे त्याला बेनी म्हणतात. पहिली आठवण समुद्रकिनाऱ्यावरची, अगदी तान्हेपणाची. आई आपल्याशी बोलते आहे. आजूबाजूला पाहावं तसं जग हळूहळू भरत जातं, कारण प्रसंगात काही ठिकाणी डोळ्याची खूण असते; तिथे बघून पापणी लववली की तिथलं काही उलगडतं. तोवर पापणी लवली तरी चालतं. मग पडद्याच्या खालच्या कडेला एक मेट्रोनोम दिसू लागतो, संगीत शिकणारे तालासाठी वापरतात तो लंबक. तो दिसला की समजायचं, आता पुढची पापणी काळ पुढे नेणार.

मेट्रोनोम पहिल्यांदा दिसला तेव्हा मी मुद्दाम पापणी लववून पाहिली. क्षणात किनारा गेला, दुसरं काही आलं. छान वाटलं. पान उलटावं तसं. पुढच्या एकदोन प्रसंगांतही असंच. आणि मग एका प्रसंगात आई काहीतरी सांगू लागली, जे मला ऐकायचं होतं. मेट्रोनोम खाली हलत होता. मी डोळे ताणून बसले. आई बोलता बोलता थांबली. बोलणारा माणूस महत्त्वाचं काही सांगायच्या आधी थांबतो तशी. आणि त्या थांबण्यात माझी पापणी लवली. ती काय म्हणणार होती, ते मला कळलं नाही.

हे नंतर पुन्हा पुन्हा झालं आणि मला त्यात एक रीत दिसू लागली. माझी पापणी बोलण्याच्या मध्येच लवत नव्हती; बोलणं जिथे विसावा घेई, तिथे लवत होती. यामागे खरोखरच काही आहे. २००९ साली जपानमधल्या तामामी नाकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना गोष्ट असलेली चित्रफीत दाखवली आणि त्यांच्या पापण्यांची नोंद ठेवली. वेगवेगळ्या माणसांच्या पापण्या साधारण एकाच वेळी लवत होत्या, आणि त्या वेळा म्हणजे एखादी कृती संपली, मुख्य पात्र नजरेआड झालं अशा जागा. म्हणजे काही हुकणार नाही असा क्षण शरीर आपणहून शोधतं आणि तिथे डोळे मिटून घेतं. गोष्टीतला पूर्णविराम बघून पापणी लवते. या खेळाने नेमकी ती गोष्ट उलटी केली आहे: जिथे पापणी लवेल, तिथे पूर्णविराम पडतो. सुरक्षित म्हणून शरीर जो क्षण निवडतं, तोच आपला घात करतो. मला वाटतं, या खेळाचं सगळं बळ इथे आहे. बटण दाबून प्रसंग पुढे ढकलायचा असता, तर मी हवं तितकं थांबले असते आणि सगळं ऐकून मगच बटण दाबलं असतं. तिथे निर्णय माझा असता. इथे मी निर्णय घेत नाही, तरीही जे होतं ते माझ्याकडूनच होतं.

मग मी झुंजायला लागले. बहुतेक सगळेच लागत असणार. डोळे मोठे करून, कपाळाला आठ्या घालून, श्वास धरून. पहिले काही सेकंद काहीच जाणवत नाही. मग डोळ्यांत गारवा येतो. डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ थर असतो तो वाळू लागलेला असतो आणि बुबुळावरच्या चेतातंतूंना ते पहिल्यांदा कळतं. मग चुरचुर. मग पडदा धुरकट होतो, आई दिसेनाशी होते आणि तिचा नुसता आवाज येतो. मग डोळ्यांना पाणी सुटतं, ते काठाशी साचतं आणि पापणी आपोआप खाली येते. तिथे इच्छेचं काही चालत नाही. डोळा वाचवण्यासाठी शरीराने ठेवलेली ही व्यवस्था आहे, ती आपल्याला विचारत नाही.

एका प्रसंगात असं झालं, की डोळ्यांत पाणी होतं ते ताणल्यामुळे की समोर जे चाललं होतं त्यामुळे, हे मला सांगता येईना. दोन्हीचं पाणी एकाच ग्रंथीतून येतं, गालावर दोन्ही सारखंच लागतं. आणि रडू आलं की पापण्या जास्तच लवतात. म्हणजे जो प्रसंग आतवर पोचतो, तो सर्वांत लवकर हातचा जातो. ज्याचं आपल्याला काही वाटत नाही, तो निवांत बघता येतो. याची आखणी कुणी वेगळी केली असेल असं मला वाटत नाही, पापणीला गोष्टीची दोरी बांधली की हे आपसूकच येतं. पण मी आजवर खेळलेल्या खेळांत नियम आणि भावना इतक्या सरळ एकमेकांत मिसळलेल्या कुठे पाहिल्या नाहीत.

गोष्ट काय आहे, ते थोडक्यात सांगते. आईच्या मनात संगीत आहे आणि बेनीने पियानो वाजवावा ही तिची ओढ. बेनीला चित्रंही काढावीशी वाटतात. शेजारी क्लोई नावाची मुलगी आहे, एक मांजर आहे, वडील आहेत, भिंतीपलीकडून ऐकू येणारी मोठ्यांची भांडणं आहेत. काही ठिकाणी आपण निवड करतो. निवडीने गोष्टीचा शेवट फिरत नाही, थोडा रंग बदलतो. मध्यानंतर नावाडी एका गोष्टीवर अडतो आणि तोवर पाहिलेलं सगळं पुन्हा नव्या नजरेने पाहावं लागतं. त्यापुढचं मी सांगणार नाही. ते ज्याचं त्याने तिथे पोचून पाहावं.

त्या भांडणांबद्दल मात्र लिहायला हवं, कारण तिथे खेळाने पापणीचा दुसरा उपयोग काढला आहे. मुलगा खोलीत आहे, बाहेर मोठी माणसं हळू आवाजात बोलताहेत. डोळे उघडे असताना शब्द नीट कळत नाहीत. डोळे मिटून घेतले, की खोली नाहीशी होते आणि आवाज स्पष्ट होतो. तोवर मी पापणी उघडी ठेवण्यासाठी जिवाचा आटापिटा करत होते. आता तीच मिटून ठेवायची होती. ताणलेल्या डोळ्यांना इतकं बरं वाटलं, की त्या सुखाचीच मला थोडी लाज वाटली, कारण कानावर जे पडत होतं ते सुखाचं नव्हतं. लहानपणी पांघरुणात डोळे घट्ट मिटून मोठ्यांचं बोलणं ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना ही जागा कुणी समजावून सांगावी लागणार नाही. पुढेही डोळे मिटून नुसतं ऐकायच्या जागा येतात. तिथे पडद्यावर काय आहे हे मला माहीत नाही, कारण मी डोळे उघडले नाहीत. एक खेळ, ज्याचा काही भाग खेळणाऱ्याने पाहिलेलाच नसतो!

उत्तरार्धात मी झुंजणं सोडून दिलं. थकून सोडलं असं म्हणता येईल, पण तेवढंच नव्हतं. डोळे ताणून बसल्यावर माझं सगळं लक्ष पापणीकडे जात होतं आणि समोरचा प्रसंग नुसता टिकवला जात होता, बघितला जात नव्हता. सोडून दिल्यावर प्रसंग छोटे झाले, पण त्यातलं जास्त लक्षात राहिलं. कुणाच्या हातात काय होतं, खिडकीतून उजेड कसा येत होता, हे मला आज आठवतं ते या भागातलं. ताणून ताणून लांबवलेल्या प्रसंगांतून आठवते ती डोळ्यांची आग.

खेळ संपल्यावर मी आठवडाभर कुणाशी त्याबद्दल बोलले नाही. मग धाकट्या बहिणीला बसवलं आणि शेजारी खुर्ची घेऊन बसले. पडद्याकडे बघायचं ठरवलं होतं, पण मी तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिले. तिच्या पापण्या माझ्यापेक्षा खूप संथ लवतात, हे इतकी वर्षं सोबत राहून मला माहीत नव्हतं. माणसामाणसांत यात पुष्कळ फरक असतो. त्यामुळे तिला आईची ती वाक्यं ऐकायला मिळाली, जी मला मिळाली नव्हती. मधेच एका प्रसंगात तिची पापणी लवली आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, अगं ती काय सांगत होती? तुला माहितेय का?" मला माहीत होतं, कारण योगायोगाने त्या ठिकाणी माझी पापणी उशिरा लवली होती. मी सांगितलं नाही. ती चिडली, पण पुढे बघू लागली. खेळ संपल्यावर आम्ही एकमेकींना हुकलेले तुकडे सांगत बसलो. तिच्या वाटचं थोडं, माझ्या वाटचं थोडं, तरी काही जागा दोघींच्याही रिकाम्याच राहिल्या.

त्यानंतर त्या रिकाम्या जागांसाठी मी तो माउसवर खेळले. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही किंवा ज्यांना डोळ्यांनी खेळणं जमत नाही, त्यांच्यासाठी पापणीऐवजी क्लिक करायची सोय खेळात आहे आणि ती असायलाच हवी. मला सगळी वाक्यं पूर्ण ऐकायला मिळाली. चांगली लिहिलेली आहेत, आवाज देणाऱ्यांनी जीव ओतला आहे. पण सगळं ऐकून झाल्यावर क्लिक करताना मी एक बरी गोष्ट बघणारी प्रेक्षक होते. आई थांबली, मीही थांबले, तिने वाक्य पुरं केलं, मी क्लिक केलं. हुकलेलं वाक्य ऐकल्यावर समाधान होईल असं म्हणून मी बसले होते, आणि ऐकल्यावर ते इतर वाक्यांसारखंच एक वाक्य निघालं. ते हुकलेलं असताना माझ्या मनात त्याला जी जागा होती, ती त्याने स्वतः येऊन भरली नाही.

हा खेळ बनवणाऱ्यांनी त्यामागे बरीच वर्षं घातली आहेत. अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात विल हेलवर्थ या विद्यार्थ्याला सुचलेल्या कल्पनेतून आधी एक छोटा खेळ झाला. मग 'गुडबायवर्ल्ड गेम्स' या छोट्या गटाने, ऑलिव्हर लेविन यांच्या दिग्दर्शनाखाली, एप्रिल २०२१मध्ये तो आजच्या रूपात आणला. लेखन ग्रॅहम पार्क्स यांचं. २०२२मध्ये त्याला निव्वळ करमणुकीपलीकडे जाणाऱ्या खेळासाठीचा बाफ्टा, म्हणजे ब्रिटनच्या चित्रपट-दूरचित्रवाणी अकादमीचा, पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी तो नेटफ्लिक्समार्फत मोबाइलवर आला आणि २०२३मध्ये प्लेस्टेशनच्या दुसऱ्या व्हीआर हेडसेटवर, म्हणजे आभासी जग दाखवणाऱ्या, डोक्यावर चढवायच्या चष्म्यावर, जिथे डोळे टिपणारे कॅमेरे डोळ्यांसमोरच बसवलेले असतात. या खेळाला पुढचा भाग काढता येईल असं मला वाटत नाही. पापणीची कल्पना दहा तासांच्या खेळात टिकणार नाही. डोळे दमतील आणि मनही निबर होईल. दीड तास हे त्याचं बरोबर माप आहे. तो सोपा आहे हेही बरोबर आहे. त्यात कौशल्य लागलं असतं, तर प्रसंग हुकल्यावर मी म्हटलं असतं, की सराव करते, पुढच्या वेळी जमेल. इथे सरावाने काही होत नाही.

तुम्ही खेळणार असाल, तर एका बैठकीत खेळा आणि एकट्याने खेळा. दिवा चेहऱ्यासमोर ठेवा. डोळे आधीच दमलेले असतील त्या दिवशी नको, आणि डोळे कोरडे पडण्याचा त्रास असेल तर ताणून बसू नका, सरळ माउस घ्या. डोळ्यांपेक्षा कोणताही खेळ मोठा नाही. सुरुवातीची कॅमेऱ्याची आणि डोळ्यांची जुळणी नीट करून घ्या, कारण मध्यानंतर कॅमेरा एखाददुसऱ्या वेळी चुकला तरी थांबून ती पुन्हा करण्यात अर्थ नाही. चुकीने गेलेला प्रसंगही गेला असं समजून पुढे बघा. आणि ज्याला खेळायला द्याल, त्याला त्याच्याकडून हुकलेलं लगेच सांगू नका. विचारेल तो, आग्रहही करेल. पूर्ण खेळून होऊ द्या, मग बसा बोलत.